आय ट्रॅकर लावण्याआधी आणि लावल्यावर

तिरळेपणा असलेल्या पेशंटचं कॅलिब्रेशन (ठिपके दाखवून यंत्र त्याच्या डोळ्यांशी जुळवणं) दोन्ही डोळे उघडे ठेवून केलं, तर बहुतेक आय ट्रॅकर, म्हणजे नजर नोंदवणारी यंत्रं, त्याचे डोळे सरळ असल्याचं दाखवतात. यात यंत्राचा दोष नसतो. स्क्रीनवर ठिपका दाखवताना आपणच त्याला सांगितलेलं असतं, की आत्ता दोन्ही डोळे या ठिपक्यावर आहेत. डावा डोळा वीस प्रिझम (तिरळेपणा मोजायचं एकक) आत वळलेला असला, तरी त्याची ती वळलेली जागाच 'शून्य' म्हणून नोंदली जाते. पुढचे सगळे आलेख त्या खोट्या शून्यावरून काढले जातात आणि दिसायला अगदी स्वच्छ असतात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तिरळेपणा आणि न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीच्या ओपीडीत डोळ्यांच्या हालचाली नोंदवण्याचं काम माझ्याकडे असतं. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मी यंत्राची बटणं नंतर शिकवते. आधी एवढंच मनात पक्कं करून घेते, की कॅलिब्रेशनच्या वेळी आपण ट्रॅकरला जे सांगतो, तेच तो पुढे आकड्यांच्या रूपात आपल्याला परत देतो. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती उभी आहे.

यंत्र काय बघतं

आजचे बहुतेक ट्रॅकर डोळ्यावर मंद इन्फ्रारेड प्रकाश टाकतात आणि कॅमेऱ्याने दोन गोष्टी शोधतात: बाहुलीचा मध्य आणि कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) चमकणारं त्या प्रकाशाचं प्रतिबिंब. डोळा फिरला की बाहुली सरकते, प्रतिबिंब मात्र त्या मानाने जवळजवळ जागेवर राहतं. या दोघांमधलं अंतर आणि दिशा यावरून नजरेचा कोन काढला जातो. टॉर्च लावून आपण हर्शबर्ग टेस्ट करतो, तेव्हा नेमकं हेच बघत असतो. प्रतिबिंब एक मिलिमीटर सरकलं तर साधारण २० ते २२ प्रिझमचा तिरळेपणा, हा आपला अंदाज. ट्रॅकर तेच काम सेकंदाला शेकडो वेळा करतो. कल्पना जुनीच आहे. कॉर्नियावरच्या प्रतिबिंबाचे फोटो घेऊन डोळ्यांच्या हालचाली नोंदवण्याचं काम रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी १९०१ मध्येच केलं होतं.

म्हणजे ट्रॅकरला रेटिना (डोळ्यामागचा पडदा) दिसत नाही, फोव्हिया (रेटिनावरची सगळ्यात स्पष्ट बघणारी जागा) तर नाहीच. बाहुलीच्या मध्यातून जाणारी रेषा आणि फोव्हियाची खरी नजरेची रेषा यांत प्रत्येक डोळ्यात काही अंशांचा फरक असतो. तो फरक भरून काढण्यासाठीच प्रत्येक माणसाचं वेगळं कॅलिब्रेशन करावं लागतं.

खोली आणि बैठक

उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं, त्यामुळे खिडकीला जाड पडदा हवा. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब कॅमेऱ्याच्या समोर नको, एलईडी चालतो. खोली पूर्ण अंधारी करू नका. अंधारात बाहुली इतकी मोठी होते, की तिची वरची कड पापणीखाली जाते आणि यंत्र मध्य खाली सरकलेला धरतं. प्रकाश मध्यम ठेवा आणि तपासणीभर तोच ठेवा. बाहुली लहानमोठी होताना तिचा मध्यही किंचित सरकतो, त्यामुळे स्क्रीन एकदम उजळली की डोळा जागेवर असूनही नजर हलल्यासारखी दिसते.

शक्य असेल तिथे मी स्क्रीन ५७ सेंटीमीटरवर ठेवते. या अंतरावर स्क्रीनवरचा एक सेंटीमीटर म्हणजे डोळ्यापाशी एक अंश, त्यामुळे हिशेब तोंडी होतो आणि सॉफ्टवेअरमध्ये अंतर चुकीचं भरलं गेलं असेल तर पट्टी लावून लगेच कळतं. हनुवटी आणि कपाळ टेकवायला आधार हवाच, आणि खुर्चीची उंची आधी जुळवा. पेशंट मान ताणून बसला असेल तर दोन मिनिटांत हलणार. काजळ आणि मस्कारा पुसून घ्या. कॅमेऱ्याला ते बाहुलीइतकंच काळं दिसतं. कोरड्या डोळ्यांत कॉर्नियावरचं प्रतिबिंब फाटल्यासारखं दिसू लागलं, तर पेशंटला मनसोक्त पापण्या मिटू द्या आणि मग पुन्हा सुरू करा.

चष्म्याचा निर्णय विचार करून घ्यावा लागतो. अँटी-रिफ्लेक्शन लेपामुळे काचेवर इन्फ्रारेडचे ठिपके उठू शकतात आणि यंत्र त्यालाच कॉर्नियाचं प्रतिबिंब समजतं. कॅमेरा थोडा खाली घेतला किंवा चष्मा जरासा वाकवला की ते बहुतेकदा बाजूला जातात. चष्म्याशिवाय ठिपका दिसत असेल आणि फक्त हालचालींचा वेग बघायचा असेल, तर चष्मा काढा. पण प्लस नंबरच्या चष्म्याने सरळ होणारा तिरळेपणा असेल तर चष्मा काढताच तुम्ही वेगळाच आजार मोजायला लागता. तिथे चष्म्यासह एकदा आणि चष्म्याशिवाय एकदा अशा दोन्ही नोंदी घ्या, आणि कोणती कोणती ते लिहा. चष्म्यात प्रिझम असेल तर तीही नोंद हवी.

आणखी एक: बाहुली मोठी करण्याचे थेंब ट्रॅकिंगनंतर घाला. ओपीडीच्या गर्दीत हा क्रम फार सहज उलटा होतो.

यंत्र सुरू करण्याआधी

कव्हर टेस्ट (एकेक डोळा झाकून दुसरा हलतो का ते बघणं) करा, जवळची आणि लांबची. नऊ दिशांना डोळे फिरवून बघा. प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी घ्या. ऑप्थॅल्मोस्कोपमधलं फिक्सेशनचं चिन्ह दाखवून, आळशी डोळा खरंच फोव्हियाने बघतोय का, ते तपासा. हे शेवटचं बरेच जण सोडून देतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण इथेच दुसरा खोटा शून्य तयार होतो. अँब्लिओपिया असलेला, म्हणजे आळशी, डोळा रेटिनाच्या भलत्याच जागेने ठिपक्याकडे बघत असेल, तर दुसरा डोळा झाकूनही कॅलिब्रेशन बरोबर होत नाही. ती भलतीच जागा फोव्हिया म्हणून नोंदली जाते आणि आलेखात डोळा ठिपक्यावर अचूक बसलेला दिसतो.

औषधं विचारा. फिट्‌सवरची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारखी औषधं बाजूला बघताना डोळे फडफडवू शकतात. झोपेच्या गोळ्यांनी हलत्या वस्तूचा पाठलाग करणारी नजर अडखळते. मद्याचंही तसंच. रात्री झोप झाली का, हेही विचारा. थकलेल्या माणसाचा आलेख आजारी दिसू शकतो. चमकणारे किंवा सरकणारे पट्टे दाखवणार असाल, तर अशा प्रकाशाने फिट येते का, ते आधी विचारा.

कॅलिब्रेशन

यासाठी वेळ काढा. पूर्ण तपासणीचा अर्धा वेळ इथे गेला तरी मला तो वाया गेलेला वाटत नाही.

डोळे सरळ असतील तर नऊ बिंदूंचं कॅलिब्रेशन करा. तिरळेपणा असेल किंवा नुसती शंका असेल, तर एकेका डोळ्याचं वेगळं कॅलिब्रेशन करा. दुसरा डोळा झाकायला साधी पट्टी वापरली तर कॅमेऱ्यालाही तो दिसत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड आरपार जाऊ देणारा फिल्टर मिळतो. आपल्याला तो काळा दिसतो, पेशंटला त्यातून काही दिसत नाही, पण कॅमेऱ्याला मागचा डोळा स्पष्ट दिसतो. उजव्या डोळ्याने ठिपके बघताना डाव्यापुढे फिल्टर, आणि मग उलट. दोन्ही कॅलिब्रेशन जोडली की तिरळेपणा त्याच्या खऱ्या मापात दिसतो. पुढे याच फिल्टरने कव्हर टेस्टही नोंदवता येते, आणि झाकलेला डोळा झाकणामागे कुठे सरकतो ते प्रत्यक्ष बघता येतं. हा आलेख पहिल्यांदा बघताना शिकाऊ मुलांचे चेहरे उजळतात, कारण पुस्तकातला फोरिया, म्हणजे डोळा झाकल्यावरच दिसणारा लपलेला तिरळेपणा, समोर घडताना दिसतो.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यागणिक कॅलिब्रेशनची सोय नसेल, तर त्या यंत्राने तिरळेपणाचा कोन मोजू नका. ते यंत्र दुसऱ्या कामाला चांगलं असू शकेल. कोनासाठी प्रिझम आहेतच.

पेशंटशी बोलणं इथे फार महत्त्वाचं. मी म्हणते, "आजी, डोकं इथेच टेकलेलं राहू दे. ठिपक्याच्या मधोमध जो बारीक टिंब आहे ना, त्याच्याकडेच बघा. ठिपका हलला की मग नजर हलवा, आधी नको." मोठा ठिपका दाखवला तर माणूस त्याच्या कडेला कुठेतरी बघत राहतो, म्हणून आकुंचन पावणारा ठिपका चांगला.

कॅलिब्रेशननंतर पडताळणी करा, म्हणजे तेच ठिपके पुन्हा दाखवून यंत्राचा अंदाज किती चुकतो ते बघा. सरासरी चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असेल तर छान. एका अंशाच्या वर गेली तर मी पुन्हा करते. नुसती सरासरी बघू नका. आठ बिंदू उत्तम आणि वरचा एक कोपरा तीन अंश चुकलेला, असं असेल तर पापणी किंवा चष्म्याची फ्रेम आड येत असते.

निस्टॅग्मसमध्ये, म्हणजे डोळे आपोआप लयीत हलत राहतात तेव्हा, हे सगळं अवघड होतं, कारण डोळा ठिपक्यावर थांबतच नाही. प्रत्येक बिंदू जास्त वेळ दाखवा, आणि प्रत्येक आवर्तनात डोळा ठिपक्याजवळ सगळ्यात हळू होतो तेवढे क्षणच कॅलिब्रेशनसाठी निवडा. ही निवड नोंद झाल्यावर हाताने करावी लागते. आपोआप चालणारं कॅलिब्रेशन इथे हालचालीची सरासरी काढून मोकळं होतं. लपलेला निस्टॅग्मस असेल तर एक डोळा झाकताच तो बाहेर येतो, हेही लक्षात ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली नोंद अशा पेशंटसाठी आवर्जून वेगळी घ्या.

प्रश्नाप्रमाणे तपासणी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'आय ट्रॅकिंग' लिहिलेलं असेल तर मी फोन करून विचारते, की नेमकं काय शोधायचं आहे. सगळ्या चाचण्या सगळ्यांना लावल्या तर पेशंट थकतो आणि शेवटच्या नोंदी निरुपयोगी होतात.

सॅकेड, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नजरेची उडी. ठिपका कधी आणि कुठे उडी मारेल, ते पेशंटला कळता कामा नये. सरावाने तो अंदाज बांधून आधीच बघू लागतो. निरोगी माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. ८० पेक्षा कमी वेळात मारलेली उडी म्हणजे अंदाज, ती हिशेबातून काढा.

इथेच यंत्राच्या वेगाचा प्रश्न येतो. दहा अंशांची उडी ५० मिलिसेकंदांच्या आसपास संपते आणि मध्ये तिचा वेग सेकंदाला ३०० अंशांच्या घरात जातो. ६० हर्ट्‌झचा ट्रॅकर दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा बघतो, म्हणजे पूर्ण उडीत जेमतेम तीन नोंदी. यावरून कमाल वेग सांगणं शक्य नाही. पेशंट कुठे बघतोय हे कळायला ६० हर्ट्‌झ पुरतं. उडीच्या वेगावर निदान अवलंबून असेल तर किमान २५० हर्ट्‌झ तरी हवेत, ५०० असतील तर उत्तम.

वेग मोजण्याचं मोल कुठे आहे ते सांगते. एक तरुण बाई एका बाजूला झटकन बघताना क्षणभर दोन-दोन दिसतं म्हणून आल्या. टॉर्चने बघताना डोळे सगळ्या दिशांना पूर्ण फिरत होते. ट्रॅकरवर त्यांचा बाहेर जाणारा डोळा वेळेत पोहोचत होता, नाकाकडे येणारा मात्र प्रत्येक वेळी मागे रेंगाळत होता. इंटरन्यूक्लिअर ऑप्थॅल्मोप्लेजियाची (दोन्ही डोळे एकत्र आडवे फिरवणाऱ्या मेंदूतल्या दुव्याच्या बिघाडाची) ही सौम्य अवस्था साध्या नजरेतून निसटते. दोन्ही डोळ्यांच्या वेगांचं गुणोत्तर काढलं की ती उघडी पडते, आणि पेशंटला एमआरआयसाठी पाठवायला ठोस कारण मिळतं. तसंच प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदूच्या आजारात वर-खाली नजर पूर्ण जात असतानाही उभ्या उड्यांचा वेग मंदावलेला सापडतो. म्हणून पडणाऱ्या, तोल जाणाऱ्या वयस्क पेशंटच्या आडव्या उड्या घेऊन थांबू नका, उभ्याही घ्या.

हलत्या ठिपक्याचा पाठलाग मी ०.३ हर्ट्‌झवर, मध्यापासून दोन्हीकडे दहा-दहा अंश असा घेते. ठिपक्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १९ अंश होतो, जो निरोगी डोळ्याला सहज झेपतो. निकालाबद्दल मात्र मी सावध असते. वय, कंटाळा, औषधं, यातल्या कशानेही पाठलाग तुटक होतो. दोन्ही बाजूंना सारखाच तुटक असेल तर त्यावरून फार काही सांगता येत नाही. एकाच बाजूला तुटत असेल तर डॉक्टरांना नक्की कळवा.

निस्टॅग्मसमध्ये संथ हालचालीचा (झटक्यांच्या मधल्या घसरणीचा) आकार बघा, कारण तोच कारणाकडे बोट दाखवतो. संथ हालचाल वाढत्या वेगाने जात असेल तर जन्मापासूनच्या निस्टॅग्मसकडे कल; सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने असेल तर कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडे; बाजूला बघताना सुरू होऊन मध्याकडे घसरताना वेग कमी होत असेल तर नजर धरून ठेवणाऱ्या केंद्रांकडे. आलेख गुळगुळीत करणारं फिल्टर लावण्याआधीचा कच्चा आलेख बघूनच हे ठरवा. पेशंट मान वाकडी करून बघत असेल तर त्याला हव्या त्या स्थितीतही एक नोंद घ्या. डोळे कमीत कमी फडफडतात ती दिशा शस्त्रक्रियेच्या निर्णयात लागते.

वाचताना अडखळणाऱ्या मुलांचे पालक मोठ्या आशेने येतात. वाचनात नजर कशी उड्या घेते, किती वेळा मागे येते, ते ट्रॅकर सुंदर दाखवतो. पण डिस्लेक्सियात नजर मागे-पुढे होते ती शब्द उलगडायला त्रास होतो म्हणून. डोळ्यांचे व्यायाम करून डिस्लेक्सिया बरा होतो याला वैज्ञानिक आधार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात स्पष्ट सांगितलं आहे. चष्म्याचा नंबर, जवळ बघताना डोळे जुळणं, हे तपासा, असेल तो दोष दुरुस्त करा, आणि मुलाला शिकवण्यातल्या तज्ज्ञाकडे पाठवा. रंगीत आलेख दाखवून व्यायामाचं पॅकेज गळ्यात मारणं हा त्या पालकांवर अन्याय आहे.

बाळांसाठी

बोलू न शकणाऱ्या बाळाची नजर किती, हे टेलर कार्डवर आपण बघतो: एका बाजूला पट्टे, दुसरीकडे तेवढाच उजळ सपाट करडा रंग, आणि बाळाला पट्टे दिसत असतील तर ते तिकडे बघतं. ट्रॅकर लावला की 'बघितलं की नाही' हा आपला अंदाज उरत नाही. बाळ आईच्या मांडीवर असेल तर आईला डोळे मिटायला सांगा, नाहीतर यंत्र तिचेच डोळे पकडतं. कॅलिब्रेशनचे बिंदू दोन ते पाच, फिरणारे, आवाज करणारे. बाळ झोपेतून उठून, पोट भरल्यावर आलं तर पाच-सात मिनिटं मिळतात. कॅलिब्रेशन ओबडधोबड झालं तरी पट्ट्यांची आणि करड्या रंगाची जागा एकमेकांपासून पुरेशी लांब असेल तर डावं-उजवं कळतं, आणि इथे तेवढंच लागतं.

आधीच असलेले ट्रॅकर

फील्ड टेस्टच्या (आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीच्या) हम्फ्री यंत्रात गेझ ट्रॅकर असतो. त्याचा आलेख रिपोर्टच्या तळाशी छापून येतो, पण वाचला जात नाही. रेषा वर गेली म्हणजे नजर हलली, जितकी उंच तितकी जास्त. रेषा खाली गेली म्हणजे यंत्राला डोळा दिसला नाही, बहुतेक वेळा पापणी मिटली म्हणून. फिक्सेशन लॉस, म्हणजे डोळ्याच्या आंधळ्या जागेवर (ब्लाइंड स्पॉटवर) टाकलेला प्रकाशही दिसल्याची नोंद, खूप आणि गेझ आलेख मात्र सपाट, असं दिसलं तर पेशंटला दोष देऊ नका. अनेकदा डोकं किंचित कललेलं असल्याने ब्लाइंड स्पॉट चुकीच्या जागी धरलेला असतो. तो पुन्हा शोधायला लावा. सुरुवातीला सपाट आणि नंतर सतत खाली-वर होणारा आलेख म्हणजे दमलेला पेशंट. मधे थांबवून दोन मिनिटं विश्रांती दिली असती तर काचबिंदूचा 'वाढलेला' डाग कदाचित दिसलाच नसता.

मॅक्युलाच्या, म्हणजे रेटिनाच्या मधल्या भागाच्या, आजारात साधा ट्रॅकर अपुरा पडतो. मधली दृष्टी गेलेला माणूस रेटिनाच्या कडेची एक जागा बघायला वापरू लागतो आणि साधा ट्रॅकर त्या जागेलाच शून्य धरतो. इथे मायक्रोपेरिमेट्री हवी, कारण ती थेट रेटिनाच्या चित्रावर लक्ष ठेवते. नजर किती स्थिर आहे ते, नजरेचे ठरावीक टक्के बिंदू सामावणाऱ्या लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळात मिळतं. पुढच्या भेटीत तुलना करताना ६८ टक्क्यांचं लंबवर्तुळ ६८ शीच ताडा, ९५ शी नको.

लेसर शस्त्रक्रियेत ट्रॅकर डोळ्यामागे धावतो खरा, पण माणूस आडवा झाला की डोळा स्वतःभोवती थोडा फिरतो. दहा अंश फिरलेल्या ॲक्सिसवर (दिशेवर) सिलिंडर नंबर दुरुस्त केला तर एक तृतीयांशाहून जास्त सिलिंडर शिल्लक राहतो. म्हणून बुबुळाची खूण बसलेल्या स्थितीत घेतलेली हवी.

आळशी डोळ्याच्या उपचारातही ट्रॅकर आला आहे. मूल आवडीचा व्हिडिओ बघतं आणि चांगल्या डोळ्याची नजर जिथे पडेल, तिथलं चित्र फक्त त्या डोळ्यासाठी धूसर केलं जातं. क्युअरसाइट या उपकरणाला २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. १०३ मुलांच्या चाचणीत सोळा आठवड्यांनंतर ते चांगल्या डोळ्यावर लावायच्या पट्टीपेक्षा कमी ठरलं नाही. पट्टी रोज ओढून काढणाऱ्या मुलांच्या घरी याने किती सुटका होईल, ते मला दिसतं. पण पट्टी नीट लावणाऱ्या मुलाची पट्टी सोडवायचं कारण नाही.

रिपोर्ट लिहिताना

निष्कर्षाच्या आधी या गोष्टी लिहा: स्क्रीनचं अंतर, चष्मा होता की नाही, कोणता डोळा बघत होता, यंत्राचा वेग, प्रत्येक डोळ्याची कॅलिब्रेशनमधली चूक अंशांत, आणि किती टक्के नोंद हरवली. पापणी मिटताना आणि उघडताना डोळा खाली आणि नाकाकडे सरकल्यासारखा दिसतो, म्हणून प्रत्येक मिटण्याच्या आधीचे-नंतरचे सुमारे १०० मिलिसेकंद काढून टाका. सॉफ्टवेअरने मोकळ्या जागा रेघ जोडून भरल्या असतील तर तसं नमूद करा.

कॅलिब्रेशन जमलंच नाही तर 'कॅलिब्रेशन होऊ शकलं नाही' असं लिहा. अशा नोंदीतूनही हालचालीचा आकार, दिशा आणि दर सेकंदाला किती आवर्तनं ते खात्रीने सांगता येतं. कोन आणि वेगाचे आकडे मात्र देऊ नका, आणि मागणी झाली तरी देऊ नका. डोळ्यांचा मूळ व्हिडिओ पेशंटच्या संमतीने जपून ठेवा. पुढच्या भेटीत आकडे बदललेले दिसले, तर आजार बदलला की पापणी आड आली, हे त्यावरूनच कळतं.